एका क्वांटम वेलमधल्या दोन लाइन: ट्रायॉन की मोनोलेअर, हे मॅग्नेटिक फील्डमध्ये कसं ठरलं

पार्श्वभूमी

हे प्रकरण मी जवळून बघितलंय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, पण निर्णय ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने लिहितोय, कारण माझ्या मते यात शिकण्यासारखं जे आहे ते त्या क्रमातच आहे.

सॅम्पल अगदी साधं होतं. गॅलियम आर्सेनाइडची १० नॅनोमीटरची एकच वेल, म्हणजे इलेक्ट्रॉन आत अडकून राहतो असा पातळ थर, दोन्ही बाजूंना साधारण ३० टक्के अ‍ॅल्युमिनियमवालं अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचं बॅरियर, एमबीईने (मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी, व्हॅक्यूममध्ये एकेक थर चढवायची पद्धत) वाढवलेलं, मुद्दाम डोपिंग काहीच केलेलं नाही. काम होतं एक्सायटॉनचा डायमॅग्नेटिक शिफ्ट आणि जी-फॅक्टर मोजायचं. सुपरकंडक्टिंग मॅग्नेट ८ टेस्लापर्यंतचा, सॅम्पल लिक्विड हेलियममध्ये, फील्ड वेलच्या प्रतलाला काटकोनात आणि प्रकाशही त्याच दिशेने, म्हणजे फॅरडे जॉमेट्री.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्सायटॉन म्हणजे एकमेकांना धरून असलेला इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा). साध्या गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही पकड ४ मिली इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास (पुढे नुसतं एमईव्ही म्हणतो) आणि त्रिज्या १२ नॅनोमीटरच्या आसपास असते. वेलमध्ये दाबून बसवला की पकड दुपटीने वाढते, ८-९ एमईव्ही होते. फील्ड लावलं की दोन गोष्टी होतात, लाइन फील्डच्या वर्गाच्या प्रमाणात वर सरकते, हा डायमॅग्नेटिक शिफ्ट, आणि सिग्मा प्लस-सिग्मा मायनस अशा दोन वर्तुळाकार पोलरायझेशनमध्ये फुटते, हा झीमन स्प्लिट. पहिल्यावरून एक्सायटॉन किती पसरलाय ते कळतं, दुसऱ्यावरून जी-फॅक्टर, म्हणजे फील्डला स्पिन किती प्रतिसाद देतो ते.

अडचण

फील्ड लावायच्या आधीच, ४.२ केल्विनला घेतलेल्या पहिल्याच पीएल (फोटोल्युमिनेसन्स, लेझर मारल्यावर सॅम्पलने सोडलेला प्रकाश) स्पेक्ट्रममध्ये एक लाइन यायच्या ऐवजी दोन आल्या. वरची ८०० नॅनोमीटरच्या जवळ आणि खालची तिच्यापासून साधारण १.५ एमईव्ही कमी एनर्जीला, उंची जवळपास सारखी. होलचे लाइट आणि हेवी असे दोन प्रकार असतात, पण लाइट होलचा संशय लगेच गेला, कारण एवढ्या जाडीच्या वेलमध्ये लाइट होलची लाइन हेवी होलच्या वर असते आणि तीही १० एमईव्हीच्या घरात.

संशोधन करणारा विद्यार्थी त्याच्या गाइड मॅडमना म्हणाला, "मॅडम, खालची ट्रायॉनची आहे. गॅलियम आर्सेनाइडच्या वेलमध्ये ट्रायॉनची पकड एवढीच असते." ट्रायॉन म्हणजे एक्सायटॉनला आणखी एक इलेक्ट्रॉन किंवा होल चिकटलेला. कल्पना लॅम्पर्टची, १९५८ ची, आणि वेलमध्ये स्पष्ट दिसला तो १९९३ साली कॅडमियम टेल्युराइडमध्ये. डोपिंग नसलं तरी बॅरियरमधल्या अशुद्धीमुळे वेलमध्ये थोडे इलेक्ट्रॉन येऊन बसतात, त्यामुळे हे अजिबात अशक्य नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "एवढीच मोनोलेअरचीही येते की रे."

आणि हे खरंच तसंच आहे. गॅलियम आर्सेनाइडचा एक मोनोलेअर, म्हणजे वाढीतला सगळ्यात पातळ एक थर, ०.२८३ नॅनोमीटरचा. वेल कुठे एका थराने जाड झाली तर तिथली कन्फाइनमेंट एनर्जी (अरुंद जागेत कोंडल्यामुळे वाढलेली एनर्जी) कमी होते. या वेलमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल मिळून कन्फाइनमेंट ३५ ते ४० एमईव्ही धरा, जाडी वाढल्यावर ती वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, त्या हिशोबाने फरक दोनेक एमईव्ही निघतो, आणि बॅरियर काही अनंत उंच नसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, दीडच्या आसपास. म्हणजे दोन पूर्णपणे वेगळ्या कारणांसाठी अंदाज एकाच जागी येऊन पडत होता. हीच वेल २० नॅनोमीटरची असती तर मोनोलेअरचा फरक अर्ध्या एमईव्हीच्याही खाली गेला असता आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

नाव चुकलं तर काय बिघडतं? सगळंच. खालची लाइन जाड भागातल्या एक्सायटॉनची असेल तर तिचा डायमॅग्नेटिक शिफ्ट वरच्या लाइनसोबत एकाच तक्त्यात टाकता येतो. ट्रायॉनची असेल तर तिची सुरुवातीची स्थिती तीन कणांची आणि शेवटची एका इलेक्ट्रॉनची, त्यामुळे तिच्या सरकण्याचा अर्थच वेगळा, तो आकडा एक्सायटॉनच्या आकाराशी जोडताच येत नाही.

समोर असलेले पर्याय

विद्यार्थ्याने यादी केली होती आणि यादी चांगली होती, पण क्रम लावला होता सोयीने. आधी तापमान वाढवून बघायचं, मग लेझरची पॉवर बदलायची, मग फील्ड. मॅडमनी प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहायला सांगितला, ट्रायॉन असेल तर काय दिसेल आणि मोनोलेअर असेल तर काय दिसेल, आणि दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल तर तो प्रयोग मागे टाकायचा. मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो.

तापमानाचं बघा. १० केल्विनला उष्णतेची एनर्जी ०.८६ एमईव्ही असते. ट्रायॉनची पकड १.५ असेल तर तो सुटायला लागणार आणि खालची लाइन मावळणार. पण जाड भागातला एक्सायटॉनही तेवढीच पायरी चढून पातळ भागात जाणार आणि खालची लाइन तशीच मावळणार. पायरी दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जीही सारखीच निघणार. म्हणजे सगळ्यात स्वस्त प्रयोग या प्रश्नापुरता आंधळा. पॉवरचंही तेच, जागा मोजक्या असतील तर पॉवर वाढवल्यावर खालची लाइन भरून जाते, आणि इलेक्ट्रॉन मोजके असतील तरी भरूनच जाते.

झीमन स्प्लिटवर विद्यार्थ्याचा फार भरवसा होता. ट्रायॉन वेगळा कण म्हणजे जी-फॅक्टर वेगळा येणार, असा त्याचा तर्क. हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो म्हणून जरा थांबून सांगतो. निगेटिव्ह ट्रायॉनच्या खालच्या स्थितीत दोन्ही इलेक्ट्रॉनचे स्पिन उलट, त्यांची झीमन एनर्जी एकमेकांना खाऊन टाकते, उरतं फक्त होलचं. प्रकाश सोडल्यावर मागे एक इलेक्ट्रॉन उरतो, त्याचं स्वतःचं झीमन असतं. लाइन म्हणजे सुरुवातीची वजा शेवटची एनर्जी, म्हणजे होलचा भाग आणि इलेक्ट्रॉनचा भाग दोन्ही परत आले, आणि एकूण स्प्लिट नेमकं साध्या एक्सायटॉनसारखंच निघालं. तेव्हा दोन्ही लाइनचा जी-फॅक्टर सारखा आला तरी ट्रायॉन नाही असं म्हणता येत नाही, आणि थोडा वेगळा आला तरी ट्रायॉनच आहे असं नाही, कारण होलचा जी-फॅक्टर व्हॅलन्स बँडच्या मिक्सिंगमुळे (हेवी आणि लाइट होल एकमेकांत मिसळल्यामुळे) जागेप्रमाणे आणि फील्डप्रमाणे बदलतो.

फील्ड आडवं लावायचं, म्हणजे व्हॉइट जॉमेट्री, हाही एक विचार झाला. त्यात डार्क, म्हणजे एरवी प्रकाश न सोडणारे एक्सायटॉन ब्राइटमध्ये मिसळून दिसायला लागतात, विषय म्हणून फार सुंदर, पण या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं आणि आतलं सगळं ऑप्टिक्स बदलावं लागलं असतं. सोडून दिलं.

उरले दोन. एक, दोन लाइनमधलं अंतर फील्डनुसार कसं बदलतं ते बघायचं. मोनोलेअर असेल तर दोन्ही एक्सायटॉनच, जवळपास एकाच आकाराचे, अंतर फारसं हलणार नाही. ट्रायॉनची पकड मात्र फील्डने वाढते. आणि दोन, पीएलच्या जोडीला रिफ्लेक्टिव्हिटी, तीही दोन्ही पोलरायझेशनमध्ये वेगवेगळी. पीएलमध्ये कण कुठे घरंगळत जाऊन बसतात ते दिसतं, रिफ्लेक्टिव्हिटीत प्रकाश मुळात शोषला कुठे जातो ते दिसतं. ट्रायॉन तयार व्हायला वेलमध्ये आधीच बसलेला इलेक्ट्रॉन लागतो आणि त्याचा स्पिन नवीन इलेक्ट्रॉनच्या उलट लागतो. फील्डमध्ये बसलेले इलेक्ट्रॉन एका स्पिनकडे झुकले की ट्रायॉनचं शोषण एका पोलरायझेशनमध्ये जास्त आणि दुसऱ्यात कमी व्हायला पाहिजे. जाड भागातल्या एक्सायटॉनला कुणा बसलेल्या इलेक्ट्रॉनची गरजच नाही, त्याची ताकद दोन्हीकडे सारखी.

यासोबत सॅम्पल वाढवतानाची नोंद मागवायचंही ठरलं, कारण इंटरफेसवर वाढ थोडा वेळ थांबवली तरच एका उंचीचे मोठे पट्टे तयार होतात. न थांबवता वाढवलेल्या वेलमध्ये चढउतार एक्सायटॉनपेक्षा लहान असतात, तो त्यांची सरासरी घेतो आणि लाइन फुटत नाही, नुसती रुंद होते.

काय केलं

नोंद आली, आणि तिने प्रश्न सोडवला नाही. एका इंटरफेसवर थोडा वेळ वाढ थांबवली होती असं लिहिलेलं होतं. म्हणजे मोनोलेअरची शक्यता जिवंतच राहिली.

मग फील्ड शून्य ठेवूनच रिफ्लेक्टिव्हिटी घेतली. हॅलोजन लॅम्पचा पांढरा प्रकाश, परत आलेला स्पेक्ट्रोमीटरमध्ये. वरच्या लाइनच्या जागी स्वच्छ खाच (प्रकाश शोषला गेल्याची खूण) दिसली, खालच्या लाइनच्या जागी काहीच नाही. यावर ग्रुपमध्ये जवळपास एकमत झालं होतं की मोनोलेअरच, कारण जाड भाग क्षेत्रफळाने थोडा असेल तर शोषण नगण्य असतं, पण एक्सायटॉन घरंगळून तिथेच जमतात म्हणून पीएल मोठा दिसतो. तर्कात चूक काढायला जागा नव्हती.

इथे विद्यार्थ्याने विचारलं, "मॅडम, लॅम्प चालू ठेवून पीएल घेऊन बघू का, तसाच येतो का?" कुणी सांगितलेलं नव्हतं, यादीतही नव्हतं. पीएल ज्या लेझरने घेत होते तो टायटेनियम-सफायर, ७६० नॅनोमीटरला, म्हणजे बॅरियरच्या गॅपच्या (तिथे प्रकाश शोषला जायला लागणाऱ्या किमान एनर्जीच्या) बराच खाली, कॅरियर, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल, फक्त वेलमध्येच तयार होतात. तोच लेझर, तीच जागा, फक्त जोडीला लॅम्प. स्क्रीनवर खालची लाइन बसली, वरची वाढली. लॅम्प बंद केला, काही वेळात खालची परत पूर्वीसारखी.

अर्थ असा. पांढऱ्या प्रकाशात निळा-हिरवा भागही असतो, तो बॅरियरमध्ये शोषला जातो, तिथे तयार झालेले इलेक्ट्रॉन-होल वेलमधला चार्ज बदलतात, बसलेले इलेक्ट्रॉन कमी करतात. जाड भाग लॅम्प लावल्याने पातळ होत नाही. आणि रिफ्लेक्टिव्हिटीत खाच दिसली नाही कारण मोजायला लावलेला प्रकाशच मोजायची गोष्ट पुसून टाकत होता.

पुढे हेच नीट करून बघितलं. लॅम्पच्या पुढे ७०० नॅनोमीटरच्या खालचं सगळं अडवणारा फिल्टर लावला, उजेड कमी केला आणि खालची खाच आली, छोटी पण नक्की. मग पीएल घेताना जोडीला हेलियम-निऑन लेझर अगदी मंद करून सोडला, ६३२.८ नॅनोमीटर म्हणजे १.९५९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, या बॅरियरच्या गॅपपेक्षा जेमतेम वर, आणि त्याची पॉवर फिरवली तसं दोन लाइनचं प्रमाण फिरलं. हे सगळं शून्य फील्डला, मॅग्नेट चालू न करता.

आता फील्ड. त्याआधी कागदावर एक हिशोब झाला जो मला फार आवडला. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनचा जी-फॅक्टर −०.४४, पण वेल अरुंद केली की तो शून्याकडे सरकतो आणि ६ नॅनोमीटरच्या आसपास चिन्हच बदलतो. १० नॅनोमीटरला −०.२ धरला तर ८ टेस्लाला स्पिनचं स्प्लिट जेमतेम ०.०९ एमईव्ही. ४.२ केल्विनला उष्णतेची एनर्जी ०.३६. म्हणजे इलेक्ट्रॉनचं पोलरायझेशन १२-१३ टक्के, आणि छोट्या खाचेत एवढा फरक शोधायचा म्हणजे नॉइजशी भांडण. हेलियम पंप करून १.६ केल्विनला उतरवलं तर तेच एक तृतीयांशाच्या जवळ जातं आणि दोन पोलरायझेशनमधल्या खाचांचं प्रमाण दुपटीला पोचतं. ठरलं, पंप करूनच मोजायचं, जास्त हेलियम गेलं तरी चालेल. कॅडमियम टेल्युराइडमध्ये इलेक्ट्रॉनचा जी-फॅक्टर कितीतरी मोठा असतो, तिथे ही कसरत करावी लागत नाही.

पोलरायझेशन मोजायची मांडणीही विचार करून केली. लिनियर पोलरायझर एकाच जागी घट्ट आणि त्याच्या आधीची क्वार्टर-वेव्ह प्लेट फिरवायची, उलटं नाही, कारण ग्रेटिंगची कार्यक्षमता लिनियर पोलरायझेशनवर अवलंबून असते आणि पोलरायझर फिरवला तर तो फरक सॅम्पलच्या नावावर जमा होतो. खिडकीतल्या फॅरडे रोटेशनची भीती कुणी काढली होती, पण वर्तुळाकार प्रकाशाला त्यात फक्त फेज मिळते, तो वर्तुळाकारच राहतो. त्रास होतो तो खिडकीवर ताण असेल तर. त्यावर उपाय म्हणून सगळं ऑप्टिक्स जसंच्या तसं ठेवून फील्डची दिशा उलटी करायची. खरा परिणाम असेल तर तो पूर्ण दुसऱ्या पोलरायझेशनमध्ये गेला पाहिजे, जे जात नाही ते उपकरणाचं.

काय निघालं

१.६ केल्विन, ८ टेस्ला. खालची खाच सिग्मा प्लसमध्ये सिग्मा मायनसच्या दुपटीपेक्षा थोडी कमी, वरची जवळपास सारखी. फील्ड उलटं केल्यावर जास्त-कमीची जागा बदलली. चिन्हही जुळत होतं, जी-फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे बहुतेक इलेक्ट्रॉन प्लस अर्ध्या स्पिनचे, आणि हेवी होलसोबत सिग्मा प्लस प्रकाश मायनस अर्ध्याचा इलेक्ट्रॉन तयार करतो, म्हणजे जोडी जमते ती सिग्मा प्लसमध्येच.

दोन लाइनमधलं अंतर १.५ वरून वाढत ८ टेस्लाला २ एमईव्हीच्या जवळ गेलं. दोघींचं झीमन स्प्लिट मात्र मोजमापातल्या त्रुटीच्या मर्यादेत सारखंच आलं. आधी कागदावर विचार झाला नसता तर एवढ्या एका आकड्यावरून निकाल उलटा लागला असता. ५ टेस्लाच्या पुढे दोन्हींच्या मधे एक बारीक उंचवटा दिसायला लागला, ट्रायॉनची ट्रिप्लेट स्थिती (दोन्ही इलेक्ट्रॉनचे स्पिन एकाच दिशेला) फील्डमध्येच बांधली जाते हे माहीत आहे आणि ती तिथेच अपेक्षित असते, पण एवढ्या कमकुवत खुणेला त्यांनी नाव दिलं नाही, नुसती नोंद ठेवली. मला हे बरोबर वाटतं.

मूळ काम, एक्सायटॉनचा डायमॅग्नेटिक शिफ्ट, तिथेही एक निर्णय घ्यावा लागला. ८ टेस्लापर्यंतच्या सगळ्या बिंदूंवर वर्गाची रेघ बसवली तर गुणांक कुठपर्यंतचे बिंदू घेतले त्याप्रमाणे बदलत होता. कारण सरळ आहे, इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन एनर्जी (फील्डमध्ये गोल फिरण्याची) टेस्लामागे १.७ एमईव्ही, म्हणजे ५ टेस्लाला ती एक्सायटॉनच्या पकडीएवढी होते, आणि मॅग्नेटिक लेंग्थ (त्या गोल फिरण्याचं माप) तिथे ११.५ नॅनोमीटर, एक्सायटॉनच्याच मापाची. त्यापुढे फील्डला छोटा धक्का मानायची सोयच नाही, लाइन हळूहळू वर्गाकडून सरळ रेषेकडे वळते. ३ टेस्लापर्यंतच्याच बिंदूंवर बसवल्यावर गुणांक स्थिर झाला, दर टेस्ला वर्गाला तीसेक मायक्रो इलेक्ट्रॉनव्होल्ट.

आणि मोनोलेअर? तोही होता. सॅम्पलच्या एका कडेला लेझर नेल्यावर तिसरी लाइन निघाली, हेलियम-निऑनला ढिम्म न हलणारी, पोलरायझेशनमध्ये दोन्हीकडे सारखी, आणि एक्सायटॉनपासून तिचं अंतर फील्डभर तेवढंच राहणारं. म्हणजे वाढ थांबवल्याची नोंद खोटी नव्हती, ती फक्त मधल्या भागाला लागू नव्हती. ही तिसरी लाइन त्यांच्या फार कामाची ठरली, कारण एकाच सॅम्पलमध्ये दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून दाखवता आल्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, बॅरियरच्या वरचा मंद लेझर अगदी पहिल्याच दिवशी सोडून बघता आला असता. लॅबमध्ये अलाइनमेंटसाठी तो होताच, हेलियमही जास्त लागत नाही. तो यादीतच नव्हता कारण यादी करताना सगळे सॅम्पलचं काय बदलायचं एवढाच विचार करत होते, तापमान, फील्ड, पॉवर. प्रकाशाचा रंग बदलला की वेलमधला चार्ज बदलतो हे कुणी त्या नजरेने बघितलं नव्हतं.

दुसरं, रिफ्लेक्टिव्हिटी पहिल्यांदा घेतानाच फिल्टर हवा होता. आणि खाच दिसत नाही यावरून निष्कर्ष काढायच्या आधी, दिसायला हवी अशी परिस्थिती आपण ठेवलीय का हे तपासायला हवं होतं. मी त्या चर्चेत बसलो असतो तर मीही मोनोलेअरच्याच बाजूने गेलो असतो असं मला वाटतं, एवढा तो तर्क पटणारा होता.

तिसरं, सॅम्पलचा नकाशा. मधल्या एकाच जागेवर सगळं मोजत राहिले आणि कडेला शेवटी गेले. सुरुवातीलाच सॅम्पलभर लेझर फिरवून पीएल घेतला असता तर दोन वेगळ्या स्वभावाच्या खालच्या लाइन आहेत हे फील्डच्या आधीच दिसलं असतं.

तापमानाचा प्रयोग त्यांनी शेवटी केलाच, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. नाव ठरल्यानंतर त्यातून निघालेली अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी स्पेक्ट्रममधल्या १.५ च्या अंतराशी जुळली आणि तो आकडा आता ट्रायॉनची पकड म्हणून वापरता आला.

ट्रायॉन निगेटिव्ह की पॉझिटिव्ह, यावर पोलरायझेशनचं चिन्ह इलेक्ट्रॉनच्या बाजूने आहे, पण होलच्या जी-फॅक्टरचं चिन्ह या जाडीला नाजूक असतं म्हणून त्यांनी तेवढ्यावर शिक्का मारला नाही. पुढचं सॅम्पल गेटसहित वाढवायला दिलंय, व्होल्टेजने इलेक्ट्रॉन आत घ्यायचे आणि बाहेर काढायचे, आणि या वेळी वेल २० नॅनोमीटरची सांगितलीय.